आईची उंची, गुडघ्यावरून

पावसाळ्यात आईला न्यूमोनिया झाला. त्यातून उठली, पण जेवण तुटलं ते तुटलंच. आमचं गाव खानापूर तालुक्यात. महिन्याभराने तिला बेळगावला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. नर्सने वजन घेतलं, ४१ किलो. मग भिंतीला उभं केलं आणि "एत्तर एष्टु?" (कानडीत, उंची किती?) असं स्वतःशीच पुटपुटत लिहिलं, १३९ सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, आला २१. म्हणजे ठीकच की! बांगड्या कोपरापर्यंत सरकतायत आणि कागद म्हणतो ठीक.

बाईंनी कागद बाजूला ठेवून आईची पाठ बघितली. आमच्याकडे म्हणतात, भात लावून लावून बाक आला. त्या म्हणाल्या, वाकून काम केलं म्हणून नव्हे; हाडं ठिसूळ होऊन मणके चेपतात, मधल्या चकत्या झिजतात, कणा खाली बसतो. पायाचं हाड मात्र आखूड होत नाही. तेव्हा गुडघ्याची उंची घ्या, त्यावरून मूळ उंची काढू. त्यासाठीची सरकपट्टी त्यांच्याकडे नव्हती. रीत समजावली आणि घरी मोजून फोन करा म्हणाल्या.

आईला उताणं निजवलं. डावा पाय दुमडून गुडघा काटकोनात, घोटाही काटकोनात. काटकोन नुसत्या नजरेने जमेना, म्हणून शेजारच्या सुताराचा गुण्या आणला. टाचेखाली एक पाट, गुडघ्याच्या वाटीच्या जरा मागे मांडीवर दुसरा, आणि मधलं अंतर. पहिल्यांदा ४७.५ आलं. मग लक्षात आलं, लुगड्याची घडी मध्येच राहिली होती! नीट करून घेतलं तर ४६.२, पुन्हा ४५.८. सरासरी ४६ धरली.

वयाचाही घोळ. आईचा जन्म "गांधी गेले त्या साली", म्हणजे १९४८. आधारवर दोन वर्षं कमी. बाईंनी फोनवर सूत्र सांगितलं. अमेरिकेत चमली आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली मांडलेलं, साठीपुढच्यांसाठी. बायकांसाठी ८४.८८ मधून वयाची ०.२४ पट वजा करायची आणि गुडघ्याच्या उंचीची १.८३ पट मिळवायची. ७८ वर्षं धरून उत्तर आलं १५०.३. वयात दोन वर्षं चुकली तर फरक अर्धा सेंटिमीटर. गुडघा एक सेंटिमीटर चुकला तर जवळजवळ दोन. म्हणजे आधारपेक्षा लुगड्याची घडी महाग पडली असती.

मला तरी धीर नव्हता. हातावरूनही उंची काढता येते. गळ्याखालच्या खाचेपासून आडव्या पसरलेल्या हाताच्या मधल्या दोन बोटांच्या बेचक्यापर्यंतचं अंतर, तेही घेतलं, ६७. त्याची १.३५ पट, अधिक ६०.१. आले १५०.५. दोन वाटा एकाच गावी पोचल्या. सूत्र परदेशी माणसांवरून बांधलंय, तेव्हा हा अंदाजच, असं बाईंनी दोनदा बजावलं. पण १५० ने बीएमआय १८ वर आला, १८.५ च्या खाली, म्हणजे वजन कमी. मग रोज दोन अंडी, नाचणीची आंबील आणि दर महिन्याला वजन, असं लिहून दिलं.

आईला आकडा सांगितला. "दीडशे? मग एकशे एकोणचाळीस कुणाची लिहून आणलीस गे?"