तुम्ही विचारलंत म्हणून : तुमचं भांडण खरं आहे का?

शिकवणीला येणारी मुलं विचारतात, त्यांना सोडायला आलेले पालक विचारतात, कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या गोळा करणारी पोरंसुद्धा विचारतात : "सर, तुम्ही स्ट्रॅटवाले, ते लेस पॉलवाले. वीस वर्षं एकमेकांच्या गिटारीला नावं ठेवता आणि वाजवता मात्र एकत्रच. हे भांडण खरं की लोकांना दाखवायला?"

खरं आहे. अगदी मनापासूनचं आहे.

आधी एक सांगून टाकतो. स्ट्रॅट म्हणजे फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर आणि लेस पॉल गिब्सन कंपनीची, दोन्ही विजेवरच्या गिटारी. अमेरिकेत बनलेली फेंडर माझ्याकडे नाही आणि तसली गिब्सन त्याच्याकडे नाही. माझी स्क्वायर, त्याची एपिफोन. स्क्वायर ही फेंडरची धाकटी पाती, एपिफोन गिब्सनची. पण त्याच्या एपिफोनला 'धाकटी' म्हटलं की तो लगेच इतिहास काढतो. एपिफोन ही एके काळी गिब्सनची बरोबरीची प्रतिस्पर्धी होती, गिब्सनच्या मालकांनी ती १९५७ मध्ये विकत घेतली. आणि ज्याच्या नावाची ही गिटार, त्या लेस पॉल या वादकानं भरीव लाकडाची आपली प्रयोगातली गिटार न्यूयॉर्कमध्ये एपिफोनच्याच कारखान्यात बसून जोडली होती. "म्हणजे माझी थोरली झाली का नाही बे?" एवढं म्हणून तो सुपारी तोंडात टाकतो. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

माझी गिटार मी पुण्याहून सोलापूरला हुतात्मा एक्सप्रेसनं मांडीवर ठेवून आणली. त्याआधी विजेवरची तार मी ऐकली होती ती फक्त गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजोची. वडील गिरणीत फिटर होते. गिरणी बंद झाल्यावर घरोघरच्या कारखान्यांत जाऊन माग दुरुस्त करायचे. पहिल्याच आठवड्यात माझ्या गिटारीचा एक आवाज गेला. वडिलांनी चष्मा चढवला, पेपर अंथरला आणि स्क्रू काढत गेले. पांढरी पट्टी उचलली तर तारेचा आवाज पकडणारे तिन्ही पिकअप, बटणं, वायरी असा सगळा संसार त्या पट्टीला धरूनच वर आला. मान पाहिली तर मागून चार स्क्रूंनी आवळलेली. एक वायर सुटली होती, ती त्यांनी डाग देऊन जोडली. मग बराच वेळ ते तो उघडा सांगाडा बघत बसले आणि म्हणाले, "ज्यानं हे केलंय ना, तो दुरुस्तीवाला माणूस असणार."

वडिलांना लिओ फेंडरचं नाव ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. मलाही ते पुढे वाचूनच कळलं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ साली त्यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. गिटार त्याला वाजवता येत नव्हती. वादकांचे अँप, म्हणजे आवाज मोठा करणारी खोकी, दुरुस्तीला यायचे, त्यांच्या तक्रारी तो ऐकायचा. १९५० च्या सुमारास त्याची पहिली भरीव गिटार आली, तीच पुढे टेलिकास्टर झाली, आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. बिघडलेला भाग काढावा, दुसरा बसवावा, वादकानं रात्री पुन्हा मंचावर जावं. ही बुद्धी आमच्या घरातली होती. मी फेंडरचा झालो तो त्या पेपरवर, आवाजाचं वेड नंतर लागलं.

माझा मित्र पूर्व भागातला, चादरीवाल्यांच्या घरचा. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, भांडताना दोन्ही. त्याच्या आजोबांचे हातमाग होते, मग यंत्रमाग आले, नक्षी विणणारं जकार्ड आलं. चादर कुठलीही असो, आधी उलटी करून बघायची, मग किनारीवरून बोट फिरवायचं, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. लेस पॉलकडे तो तसाच बघतो. महोगनीचं अंग, त्यावर मेपलचा बाक दिलेला माथा, मान सरसानं कायमची बसवलेली, कडेनं पांढरी किनार. मिशिगनमधल्या कलामाझू गावात गिब्सन कंपनी १९०२ मध्ये सुरू झाली तीच ऑर्व्हिल गिब्सनच्या कोरीव मँडोलिनच्या जोरावर. १९५२ मध्ये लेस पॉल आली तेव्हा त्या घराला लाकूड कोरायची पन्नास वर्षांची सवय होती. "तुझी गिटार म्हणजे सायकल आहे बे," तो म्हणतो, "चाक काढ, चाक बसव. माझी उलटी करून बघ, कुठं जोड दिसतो का?"

म्हणून मी म्हणतो की भांडण खरं आहे. त्यानं माझ्या गिटारीला सायकल म्हटलं की मला माझ्या वडिलांची पिशवी आठवते, पाने-पकडींची. आणि मी त्याच्या किनारीला नुसती सजावट म्हणालो, तेव्हा तो दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. तिसऱ्या दिवशी मी अशोक चौकात जाऊन त्याला चहा पाजला, आणि किनारीचा शब्द तेवढा मागे घेतला.

आता गुणगुणीचं सांगतो, कारण आमच्या भांडणाचा कळीचा मुद्दा तोच आहे.

आम्ही सराव करतो तो त्याच्या कारखान्याच्या माडीवर. खालचे माग संध्याकाळी थांबतात, शेजारचे रात्रीपर्यंत चालू असतात. भिंतीला लागून मीटरचा बोर्ड, डोक्यावर जुन्या चोकच्या ट्यूबलाइटी. अशा जागी स्ट्रॅट लावली की वाजवायच्या आधीच अँपमधून 'घूंऽऽ' सुरू होतं. आपली वीज ५० हर्ट्झची, तो सूर खालच्या जी या पाश्चात्त्य सुराच्या किंचित वर पडतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे हीच गिटार ए शार्प आणि बीच्या मध्ये कुठेतरी गुणगुणत असेल. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. माझ्या गिटारीनं सोलापूरचा सूर धरलाय, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. मित्र शांतपणे म्हणाला, "माझीनं कुठलाच धरला नाही."

ते का, हे मला त्याच्या अम्मांसमोर समजलं. अम्मा मागाच्या कांड्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळ्या, भरत बसल्या होत्या. त्यानं दोन रिकाम्या कांड्या उचलल्या. पिकअप म्हणजे तरी काय, चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. माझ्या स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये अशी एकच कांडी, सात-आठ हजार वेढ्यांची. त्याच्याकडे दोन शेजारीशेजारी. त्यानं एका कांडीवर सूत उजवीकडून गुंडाळलं, दुसरीवर डावीकडून. बाहेरच्या विजेची गुणगुण दोन्हींत सारखीच शिरते, पण वेढे उलटे असल्यानं एकीतली वर जाते तेव्हा दुसरीतली खाली, आणि दोन्ही मिळून फिटतात. मग तारेचा आवाजही फिटायला हवा ना? तिथेच खरी अक्कल आहे. दुसऱ्या कांडीतला चुंबकही उलटा ठेवतात. तारेचा आवाज चुंबकाच्या जोरावर निर्माण होतो, म्हणून तो दोनदा उलटा होऊन पुन्हा सुलटा येतो आणि दुप्पट भरतो. गिब्सनमधल्या सेथ लव्हरनं हे बसवलं, १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९५७ पासून गिटारीवर ते दिसू लागलं. नावच हंबकर, गुणगुण मोडणारा. अम्मांनी सगळं ऐकून घेतलं आणि तेलुगूत विचारलं की मग ह्यानं एकच कांडी का घेतली?

का घेतली ते मी त्यांना वाजवून दाखवलं. एका कांडीचा आवाज पाण्यावर पडलेल्या उन्हासारखा असतो. बोट तारेला लागलं, सुटलं, किती जोरात, नखानं का मांसानं, सगळं ऐकू येतं. दोन कांड्यांचा आवाज जाड आणि उबदार, आमच्या चादरीसारखाच, पण त्यात ही वरची लकाकी थोडी दबते. मला ती लकाकी हवी, आणि तिच्यासाठी गुणगुण सोसायची माझी तयारी आहे. मित्राला हे पटत नाही. पटू नये.

बाकीचे मुद्दे किरकोळ. स्ट्रॅटच्या तारेची मोकळी लांबी साडेपंचवीस इंच, लेस पॉलची पावणेपंचवीस, त्यामुळे माझ्या तारा जरा ताठ, त्याच्या लवचीक. चैत्र-वैशाखात आमच्याकडे पारा ४३ च्या पुढे जातो, हवेत ओल नसते, तेव्हा दोन्ही कंपन्यांच्या माना सारख्याच रुसतात आणि मानेवरच्या पडद्यांची टोकं बोटाला लागायला लागतात. उन्हाळा कुणाचीच बाजू घेत नाही.

माणसं मात्र बाजू बदलतात, आणि ते दाखले आम्ही दोघंही वापरतो. तो म्हणतो, एवढा मोठा गिटारवादक एरिक क्लॅप्टन, १९६६ मध्ये आमच्या लेस पॉलकडे होता. मी म्हणतो, पुढे आयुष्यभर कुठे राहिला? स्ट्रॅटकडेच ना? तो जिमी पेजचं नाव घेतो. मी आठवण देतो की त्याच्या लेड झेपेलिन या बँडच्या पहिल्या अल्बममध्ये पेजच्या हातात बहुतेक टेलिकास्टर होती. माझा हुकमाचा पत्ता म्हणजे खुद्द सेथ लव्हर. हंबकर करणारा तो माणूस पुढे फेंडरमध्ये आला आणि सत्तरच्या दशकात फेंडरच्या गिटारींवरही त्याचे हंबकर चढले. हे प्रथम सांगितलं तेव्हा मित्र हरेल असं मला वाटलं होतं. तो हसून म्हणाला, "म्हणजे शेवटी तुम्हाला आमचाच माणूस लागला की."

एका गोष्टीवर मात्र आम्ही दोघं गप्प होतो. ब्राझीलचं शिसव मिळणं अवघड होत गेलं, तेव्हा साठच्या दशकात फेंडर आणि गिब्सन दोघांनीही पटरीसाठी, म्हणजे मानेवर बोटं फिरतात त्या पट्टीसाठी, भारतातलं शिसव घ्यायला सुरुवात केली. दक्षिणेतल्या जंगलातलं. माझ्या आजीच्या पेटीचं लाकूड तेच. मी ती पेटी उघडली की त्याला सांगतो, ये, वास घेऊन जा.

आणि माडीवरच्या फुल्यांचं सांगायचं राहिलं. एका कांडीच्या पिकअपला दिशा असते. गिटार घेऊन हळूहळू गोल फिरलं तर एका कोनात गुणगुण जवळजवळ नाहीशी होते. हे मला ठाऊक नव्हतं. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या जत्रेच्या, दिवसांतली गोष्ट आहे, दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता आणि माझी गुणगुण काही केल्या जाईना. त्यानं स्वतःची लेस पॉल भिंतीला टेकवली, माझे खांदे धरले आणि मला इंच इंच फिरवत नेलं. थांब. अजून थोडं. थांब. आवाज बसला, तसा तो खाली बसला आणि कापडावर खुणा करायच्या खडूनं माझ्या दोन पायांशी दोन फुल्या मारल्या. पुढे दर आठवड्याला त्या पुसट व्हायच्या आणि तो पुन्हा गिरवायचा.

गेल्या वर्षी माडीवर नवी फरशी बसली. मी गेलो तेव्हा सामान अजून बाहेरच होतं. खोलीत फक्त तो, ऑइलपेंटचा छोटा डबा आणि ब्रश. "उभा राहा," तो म्हणाला, "आणि हलू नको बे."