जीएम पिकांवरचा माझा रिसर्च पेपर : एक अळी, तीन देश

शेवटच्या वर्षाला रिसर्च पेपर सक्तीचा होता, विषय मात्र आपला आपण निवडायचा होता. जनुकीय सुधारित, म्हणजे जीएम पिकांवर लिहायचं, हे माझं आधीपासून पक्कं होतं. या विषयावर प्रत्येकाचं ठाम मत असतं आणि बहुतेकांनी ते पीक कोणतं हे न विचारताच बनवलेलं असतं, याची मला मनापासून चीड होती. ‘जीएम पिकं : फायदे आणि तोटे’ असं शीर्षक घेऊन मी मार्गदर्शक मॅडमकडे गेले. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाल्या, “कुठलं पीक ते सांग. त्यात कुठला गुण घातलाय ते सांग. फायदा-तोटा कोणाचा मोजणार आहेस तेही सांग. मग आपण बोलू.”

पुढचं सगळं काम या प्रश्नांनीच ठरवलं. कारण ‘जीएम’ या एका नावाखाली एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या गोष्टी येतात. हवाईमध्ये पुना भागातल्या पपईच्या बागांत १९९२ साली रिंगस्पॉट विषाणू सापडला. तिथे १९९८पासून लावल्या गेलेल्या ‘रेनबो’ पपईत त्याच विषाणूच्या आवरणाचं एक जनुक घातलेलं आहे, म्हणून झाड त्या रोगाला बळी पडत नाही. सोयाबीनमध्ये घातलेलं जनुक झाडाला ग्लायफोसेट हे तणनाशक सोसण्याची ताकद देतं. सोनेरी तांदळाच्या दाण्यात बीटा-कॅरोटिन तयार होतं. तिथे कीड नाही की तण नाही, प्रश्न आहे तो लहान मुलांना मिळणाऱ्या ‘अ’ जीवनसत्त्वाचा. एकात बागायतदार वाचतो, दुसऱ्यात खुरपणीचा खर्च वाचतो पण त्याच तणनाशकाला दाद न देणारी तणं उभी राहतात, तिसऱ्यात लाभ व्हायचा तर खाणाऱ्याला होणार. या तिघांची बेरीज करून ‘चांगलं की वाईट’ याचं उत्तर निघत नाही. निघालं तर ते खोटं असतं.

मग वाचन सुरू केलं. विद्यार्थ्यांना मी एवढंच सांगेन की शोधनिबंधाचा सारांश वाचून टिपण काढू नका, आधी ‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग वाचा. जीएमच्या बाबतीत तर हे फारच गरजेचं आहे. फ्रान्समधल्या जील-एरिक सेरालिनी यांच्या गटाचा २०१२ सालचा उंदरांवरचा अभ्यास सगळीकडे दिसतो, मोठमोठ्या गाठी आलेल्या उंदरांच्या फोटोंसकट. पद्धतीचा भाग उघडला की कळतं, प्रत्येक गटात नर दहा आणि मादी दहा, उंदीर स्प्रेग-डॉली जातीचे, आणि प्रयोग दोन वर्षांचा. या जातीच्या उंदरांना वय वाढलं की मुळातच मोठ्या प्रमाणात गाठी येतात. इतक्या लहान गटांतून निष्कर्ष काढता येत नाही, या कारणावरून नियतकालिकाने तो २०१३मध्ये मागे घेतला. २०१४मध्ये तो दुसऱ्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला. इंटरनेटवर दोन्ही प्रती मिळतात. त्यामुळे आपल्या हातात कोणती प्रत आहे आणि तिचं पुढे काय झालं, हे प्रत्येक संदर्भाच्या बाबतीत तपासायचं, असा नियमच मी करून घेतला.

मोनार्क फुलपाखरांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आणि मला जास्त शिकवणारं ठरलं. बीटी मक्याचे, म्हणजे अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या मक्याचे, परागकण पडलेली पानं खाऊन मोनार्कच्या अळ्या मरतात, असा प्रयोगशाळेतला निष्कर्ष १९९९मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर खळबळ उडाली. २००१मध्ये शेतात जाऊन केलेले अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. शेतात अळीच्या वाट्याला येणारं परागकणांचं प्रमाण बघता धोका नगण्य निघाला. अपवाद मक्याच्या एका प्रकाराचा होता, ज्याच्या परागकणांत विषाचं प्रमाण जास्त होतं, आणि तो पुढे बाजारातून गेला. पण गोष्ट इथे संपत नाही. मोनार्कची अळी ज्या रुईच्या जातीतल्या झाडांवर जगते, ती झाडं तणनाशक सोसणाऱ्या मका-सोयाबीनच्या शेतांतून त्या तणनाशकामुळे दिसेनाशी झाली. म्हणजे फुलपाखराला फटका बसला, पण ज्या गुणाकडे सगळे बोट दाखवत होते त्यामुळे नव्हे, दुसऱ्याच गुणामुळे. मॅडमनी कुठला गुण हे का विचारलं होतं, ते मला इथे पुरतं कळलं.

सरासरीच्या आकड्यांबद्दलही सावध राहावं लागलं. जर्मनीतल्या दोन कृषी अर्थशास्त्रज्ञांनी २०१४मध्ये १४७ अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे बऱ्याच ठिकाणी दिले जातात : रासायनिक कीटकनाशकांचा वापर ३७ टक्के कमी, उत्पादन २२ टक्के जास्त, शेतकऱ्याचा नफा ६८ टक्के जास्त. काम नेटकं आहे आणि मी ते वापरलं. पण त्याच निबंधात पुढे म्हटलंय की उत्पादनवाढ आणि कीटकनाशकांतली घट कीडरोधक पिकांत जास्त आहे, तणनाशक सोसणाऱ्या पिकांत कमी. सरासरी उचलायची आणि हे वाक्य सोडून द्यायचं, हा वाचकावर अन्याय आहे.

या वाचनातूनच मला माझा प्रश्न सापडला. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीबद्दल दोन नोंदी माझ्या वहीत शेजारी-शेजारी आल्या होत्या. अमेरिकेने २०१८मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी समूळ गेल्याचं जाहीर केलं. आणि भारतात २००८ ते २०१०च्या दरम्यान गुजरातमध्ये तीच अळी बीटी कापसाला दाद देत नसल्याचं दिसलं. अळी तीच, विषाचं प्रथिनही तेच, मग शेवट इतका वेगळा कसा? मॅडम म्हणाल्या, “हा प्रश्न आहे. आता लिही.”

आधी प्रथिनाचं काम समजून घेतलं. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच ‘बीटी’, हा मातीतला जिवाणू १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना रेशमाच्या आजारी अळ्यांत सापडला. पुढे जर्मनीत थुरिंजिया प्रांतात पिठाच्या पतंगात तो पुन्हा सापडला आणि त्यावरून त्याला नाव मिळालं. हा जिवाणू प्रथिनाचे स्फटिक बनवतो. अळीच्या आतड्यात वातावरण अल्कधर्मी असतं, तिथे स्फटिक विरघळतो, तिचीच पाचकद्रव्यं त्याचे तुकडे करतात आणि तो तुकडा आतड्याच्या पेशीवरच्या ठराविक प्रथिनांना चिकटून पेशीला भोक पाडतो. चिकटायची जागा बदलली की विष निकामी. गुलाबी बोंडअळीने नेमकं हेच केलं : कॅडहेरिन या प्रथिनाच्या जनुकात बदल झालेल्या अळ्या वाचू लागल्या.

दिलासा एवढाच की हा बदल आनुवंशिकतेच्या भाषेत अप्रभावी (रिसेसिव्ह) असतो. आई आणि बाप दोघांकडून तो आला तरच अळी वाचते. एकाकडूनच आला तर भरपूर विष असलेल्या झाडावर ती मरते. रेफ्यूजची, म्हणजे आश्रयाच्या बिगर-बीटी ओळींची सगळी योजना यावरच उभी आहे. बीटी शेतातून वाचलेल्या एखाद्या प्रतिकारक पतंगाला शेजारच्या बिगर-बीटी ओळींतले असंख्य साधे पतंग जोडीदार म्हणून मिळाले, की पिल्लं एकेरी बदलाची होतात आणि बीटी झाडावर मरतात. त्या ओळीच नसल्या तर वाचलेले आपापसांतच जुळतात.

अमेरिकेत बीटी कापूस १९९६मध्ये आला तो आश्रयाच्या अटीसह : फवारणी न केलेला ४ टक्के किंवा फवारणी केलेला २० टक्के बिगर-बीटी कापूस. अ‍ॅरिझोनात शेतकऱ्यांनी हे बऱ्यापैकी पाळलं. २००६पासून तिथे वेगळी मोहीम सुरू झाली आणि प्रयोगशाळेत वाढवून वंध्य केलेले अब्जावधी पतंग विमानांतून शेतांवर सोडले गेले. या पतंगांना अळी असतानाच लाल रंग मिसळलेलं खाद्य देत, म्हणजे सापळ्यात अडकलेला पतंग सोडलेला आहे की शेतातला, हे पोट दाबलं की कळे. असा तपशील वाचला की त्या कामामागची चिकाटी डोळ्यांसमोर उभी राहते, आणि पेपरमध्ये त्याला जागा नव्हती याचं मला वाईट वाटलं.

भारतात बीटी कापसाला मान्यता २००२मध्ये मिळाली. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं. शेताच्या कडेने पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल तेवढं लावायचं. लहान रानात तेवढी जागा अळीला सोडून देणं परवडत नाही, म्हणून ते बियाणं बहुतेक वेळा पेरलंच गेलं नाही. यात मी शेतकऱ्याला दोष दिला नाही. तोटा एकट्याचा आणि फायदा साऱ्या शिवाराचा, अशी अट नुसत्या पाकिटावर छापून पाळली जात नाही. शिवाय फरदड, म्हणजे मुख्य वेचणीनंतर त्याच झाडांवरचं पुढचं पीक, घेण्यासाठी कापूस उशिरापर्यंत उभा ठेवला की अळीच्या आणखी पिढ्यांची सोय होते. दोन प्रथिनांचं बियाणं २००६मध्ये आलं, पण पहिलं प्रथिन निकामी होत चाललेलं असल्याने भार दुसऱ्यावर पडला आणि काही वर्षांत तेही चालेनासं झालं.

चीनची गोष्ट मला सर्वांत उशिरा सापडली आणि तिने पेपरला आकार दिला. यांगत्से नदीच्या खोऱ्यात प्रतिकार वाढायला लागला होता, आणि मग तो उलटा फिरला. कारण शेतकरी संकरित बियाण्याची दुसरी पिढी, म्हणजे संकरित झाडांना आलेली सरकीच, लावू लागले. ते स्वस्त पडायचं. दुसऱ्या पिढीत सुमारे २५ टक्के झाडांत बीटी जनुक नसतंच, म्हणजे कोणी न ठरवता शेतातच आश्रय तयार झाला. अकरा वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेला हा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला.

इथे मी बराच काळ अडकून होते. कारण भारताबद्दलच्या लेखनातही २५ टक्केच होते, आणि तिथे ते नुकसानीचं कारण म्हणून सांगितले होते. शेवटी कागदावर एक बोंड काढलं, आत सरकीचे दाणे काढले आणि जनुकाच्या वाटण्या मांडल्या. भारतात शेतकरी पहिल्या पिढीचं संकरित बियाणं पेरतो. त्यातलं प्रत्येक झाड बीटी असतं, पण जनुकाची एकच प्रत घेऊन. त्याच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी, म्हणून तिच्यातल्या चौथ्या हिश्श्यात विष नसतं. आणि गुलाबी बोंडअळी राहते कुठे, तर बोंडातच, सरकी खात. एका दाण्यातून दुसऱ्यात जाताना तिला विषाचा पुरता डोस मिळत नाही, आणि जी एकेरी बदलाची अळी मरायला हवी होती ती तग धरू शकते. चीनमध्ये बिनविषाची पूर्ण झाडं होती, भारतात बिनविषाचे दाणे. टक्केवारी तीच, पण एका ठिकाणी साधे पतंग तयार होतात आणि दुसऱ्या ठिकाणी अर्धवट विषावर वाढलेले. हे चित्र मी पेपरमध्ये जसंच्या तसं घातलं.

लिहायला त्या मानाने वेळ कमी लागला. आधी एक तक्ता केला होता : देश, बियाण्याची पिढी, आश्रयाची व्यवस्था, प्रतिकार पहिल्यांदा कधी नोंदवला, पुरावा शेतातला की प्रयोगशाळेतला, आणि अभ्यासाला पैसा कोणाचा. शेवटचा रकाना ठेवाच. कंपनीचा पैसा दिसला म्हणून मी अभ्यास बाजूला टाकला नाही, पण त्याच मुद्द्यावर स्वतंत्र पैशातून झालेलं काम शोधलं आणि दोन्ही शेजारी ठेवले. मजकूर लिहिताना मूळ निबंध बंद करून लिहायचे, आकडे मात्र पुन्हा उघडून जुळवायचे. त्यामुळे मजकूर चोरला आहे का हे पाहणाऱ्या साम्य तपासणीची भीती राहिली नाही. संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवसापासून टाकत गेले. मॅडमनी जिथे जिथे ‘सिद्ध होते’ दिसलं तिथे तिथे काट मारून ‘दिसते’ लिहिलं, आणि तीन देशांत हवामान, हंगाम, शेताचा आकार सगळंच वेगळं असल्याने ते योग्यच होतं. जनुक-संपादनाचा, म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल करण्याचा, भाग मी पूर्ण लिहून झाल्यावर काढला. युरोपीय न्यायालयाने २०१८मध्ये त्या पिकांनाही जीएमचेच नियम लावले, हा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण अळीच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नव्हता.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी थेट चित्रावरच बोट ठेवलं. “चीनमधल्या दुसऱ्या पिढीतही अर्ध्या झाडांत जनुकाची एकच प्रत असणार. त्यांच्या बोंडांतही ही सरमिसळ होणारच ना?” होणारच, आणि ते मी तक्त्याखालच्या टिपेत नोंदवलं होतं. तिथेही एकेरी बदलाच्या अळ्या काही प्रमाणात वाचत असतील, पण चौथा हिस्सा बिनविषाच्या झाडांवरून येणारे साधे पतंग त्यांच्याशी जुळत राहतात. भारतात ते पतंग त्या न पेरलेल्या १२० ग्रॅममधून यायचे होते. परीक्षकांनी ती टीप तळातून उचलून चर्चेच्या मुख्य मजकुरात घ्यायला सांगितली, आणि अंतिम प्रतीत ती तिथेच आहे.