गॅलनच्या भावाला पंधराने भागा

अमेरिकेत टोयोटाची सगळ्यात जास्त खपणारी गाडी म्हणजे रॅव्ह फोर. २०२६ च्या मॉडेलपासून ती निव्वळ पेट्रोलवर मिळणं बंद झालं. आता शोरूममध्ये पाऊल टाकलं की एकच प्रश्न समोर येतो: हायब्रिड, की प्लग-इन हायब्रिड? इथे न्यू जर्सीत आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत यावरून चर्चा झडतात. आम्हीही नुकतेच त्यातून गेलो. आमच्यापुरतं उत्तर मिळालं, आणि ते काढताना हिशोबाची एक सोपी रीत हाती लागली. ती तिकडे महाराष्ट्रात तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून हे लिहितेय.

आधी दोन गाड्यांमधला फरक. साध्या हायब्रिडची बॅटरी अगदी छोटी असते, एक-दीड युनिट वीज मावेल एवढीच. ब्रेक दाबताना वाया जाणारी शक्ती ती साठवते, थोडी इंजिनाकडून घेते आणि सिग्नलवरून निघताना, ट्रॅफिकमध्ये रखडताना परत देते. तिला भिंतीतला प्लग लागत नाही. गाडी शेवटी पेट्रोलवरच चालते, फक्त ते फार जपून वापरते. रॅव्ह फोर हायब्रिडचं अ‍ॅव्हरेज गॅलनला (एक गॅलन म्हणजे सुमारे पावणेचार लिटर) साधारण ४० मैल, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला १७ किलोमीटर. एवढ्या मोठ्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीला हे उत्तमच म्हणायचं. प्लग-इनची बॅटरी १८ युनिटांची. रात्री चार्ज केली की पहिले ४२ मैल, म्हणजे जवळजवळ ६८ किलोमीटर, इंजिन सुरूही न होता जाता येतं. वीज संपली की ती हायब्रिडसारखीच वागते, पण बॅटरीचं ओझं वाहत असल्यामुळे अ‍ॅव्हरेज ३८ वर येतं. दोघींच्या वजनात सुमारे ५०० पौंडांचा, म्हणजे सव्वादोनशे किलोंचा फरक आहे. ताकद मात्र प्लग-इनची कितीतरी जास्त, २१९ च्या जागी ३०२ हॉर्सपॉवर. हे आकडे २०२५ च्या मॉडेलांचे आहेत, कारण आम्ही तीच चालवून पाहिली.

विक्रेत्यांकडे आणि मित्रमंडळींत एक गोष्ट सगळेच गृहीत धरून बोलतात: वीज पेट्रोलपेक्षा स्वस्त, म्हणून प्लग-इनमध्ये बचत. मीही तशीच सुरुवात केली, पण सही करायच्या आधी विजेचं बिल समोर घेऊन बसले.

प्लग-इन रॅव्ह फोरला १०० मैलांसाठी ३६ युनिटं लागतात. हा सरकारी चाचणीचा आकडा आहे आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीजही त्यात धरलेली असते. साध्या हायब्रिडला त्याच १०० मैलांना अडीच गॅलन पेट्रोल लागतं. म्हणजे एका गॅलनचं काम करायला साडेचौदा युनिटं वीज. मग टोयोटाच्याच प्रियस गाडीच्या हायब्रिड आणि प्लग-इन अशा दोन्ही रूपांचे आकडे काढून पाहिले, तिथे हेच गुणोत्तर पंधराच्या आसपास निघालं. म्हणून रीत अशी: तुमच्या पंपावरच्या गॅलनच्या भावाला पंधराने भागा. येणाऱ्या आकड्यापेक्षा घरची वीज स्वस्त असेल, तरच प्लग लावून पैसे वाचतात.

आम्ही हिशोब केला तेव्हा न्यू जर्सीत गॅलनभर पेट्रोल साधारण तीन डॉलरला मिळत होतं. (इथे पंपावर स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानेच बंदी आहे, १९४९ पासून. असं करणारं हे देशातलं आता एकमेव राज्य. कडाक्याच्या थंडीत काच थोडी खाली करून नुसतं 'फुल' म्हणायचं, त्यामुळे तेवढ्यापुरतं पुण्यात असल्यासारखं वाटतं.) तीनला पंधराने भागलं की २० सेंट. आमच्या बिलावर पुरवठ्याचा दर वेगळा छापतात आणि वीज घरापर्यंत आणून देण्याचा वेगळा. दोन्हींची बेरीज २२ सेंटांवर गेली. म्हणजे रोज रात्री न चुकता केबल लावूनही १०० मैलांना वीज ७ डॉलर ९२ सेंटांची आणि पेट्रोल साडेसात डॉलरचं. बचत शून्य, उलट थोडे जास्तच.

हे असं का झालं, तेही सांगण्यासारखं आहे. न्यू जर्सी पीजेएम नावाच्या ग्रिडमध्ये येतं. या ग्रिडमध्ये पुढच्या वर्षासाठी वीज तयार ठेवण्याच्या क्षमतेचा लिलाव होतो. जुलै २०२४ च्या लिलावात मेगावॉटमागे दिवसाचा दर २९ डॉलरांवरून एकदम २७० डॉलरांवर गेला. डेटा सेंटर्सची मागणी वाढतेय, जुनी वीजकेंद्रं बंद होताहेत आणि नव्या केंद्रांची ग्रिडला जोडणी होता होता वर्षं निघून जातात. त्याचा भार जून २०२५ पासून घरगुती बिलांवर आला आणि राज्यातली बिलं १७ ते २० टक्क्यांनी वाढली. कॉम्प्युटरच्या इमारतींची भूक आपल्या गाडीच्या हिशोबात अशी शिरते. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण लोकांनी विजेवर यावं असं ज्या काळात मनापासून वाटतंय, त्याच काळात वीज त्यांच्या आवाक्याबाहेर चाललीय.

आता हीच गाडी तीन हजार मैल पश्चिमेला न्या. माझा मावसभाऊ सिअ‍ॅटलला असतो. त्याने २०२१ साली प्लग-इन रॅव्ह फोर घेतली, आणि त्याचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. सिअ‍ॅटलला शहराच्याच मालकीची वीज कंपनी आहे आणि तिची बरीचशी वीज पाण्यावर तयार होते. स्कॅगिट नदीवरची रॉस, डायब्लो आणि गॉर्ज ही तीन धरणं शहराला वीज देतात. आपल्याकडे कोयनेचं जे स्थान आहे, तेच तिथे स्कॅगिटचं. त्याला युनिट १३ सेंटांच्या आसपास पडतं आणि पेट्रोल चार-साडेचार डॉलरच्या घरात. साडेचारला पंधराने भागलं की ३० सेंट. तेरा कुठे आणि तीस कुठे! त्याला १०० मैलांना वीज पावणेपाच डॉलरची लागते, तेच पेट्रोलवर ११ डॉलर गेले असते.

त्यात २०२१ साली त्याला केंद्र सरकारची साडेसात हजार डॉलरची करसवलत पूर्ण मिळाली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये नियम बदलला आणि उत्तर अमेरिकेत जुळणी न झालेल्या गाड्यांना विकत घेताना ही सवलत बंद झाली. ही प्लग-इन जपानहून येते, त्यामुळे ती वगळली गेली. लीजवर घेतली तर भाड्याने देणाऱ्या कंपनीला सवलत मिळायची आणि तिने मनावर घेतलं तर ग्राहकाला. ३० सप्टेंबर २०२५ ला तो दरवाजाही बंद झाला. आमच्यासमोर दोन गाड्यांच्या किमतीत दहा हजार डॉलरांहून जास्त फरक उभा होता, तो भरून काढायला सवलत नव्हती आणि वीजही स्वस्त नव्हती. आम्ही साधी हायब्रिड घेतली.

पैशांच्या आधी खरं तर आणखी एक प्रश्न येतो: रात्री गाडी कुठे उभी राहते? अमेरिकेतला साधा प्लग १२० व्होल्टचा. आपल्याकडच्या पंधरा अँपियरच्या सॉकेटमधून जितकी वीज मिळते, त्याच्या जेमतेम निम्मी इथे मिळते. त्या प्लगवर ही बॅटरी भरायला बारा तास लागतात. संध्याकाळी सातला लावली तर सकाळी सातला तयार, म्हणजे रोजच्या नोकरीला पुरेसं आहे आणि वेगळं काही बसवायचीही गरज नाही. पण त्यासाठी गॅरेज हवं किंवा निदान घराला लागून गाडी लावायची हक्काची जागा हवी. जर्सी सिटीच्या उंच इमारतीत राहणाऱ्या आमच्या मित्रांना पार्किंग भाड्याने घ्यावं लागतं आणि तिथे भिंतीत सॉकेटच नाही. टाउनहाउसवाल्यांना वसाहतीच्या समितीची परवानगी काढावी लागते. बाहेरच्या चार्जरवर वीज घरच्यापेक्षा महाग पडते, आणि बहुतेक प्लग-इन गाड्यांना हायवेवरचं जलद चार्जिंग चालत नाही, म्हणजे ४२ मैलांसाठी तासन्‌तास ताटकळत बसायचं. ज्यांच्याकडे रात्रीचा प्लग नाही, त्यांनी प्लग-इनचा विचारच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आयुष्यभर सव्वादोनशे किलो जास्तीचं वजन पेट्रोल जाळून ओढत राहायचं, याला काय अर्थ आहे?

तरी अशा गाड्या सर्रास विकल्या जातात. युरोपीय आयोगाने गाड्यांमध्येच बसवलेल्या मापकांचे आकडे गोळा करून मार्च २०२४ मध्ये एक अहवाल दिला. त्यात प्लग-इन गाड्यांचं रस्त्यावरचं प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. मुख्य कारण साधं होतं: गृहीत धरलं होतं तेवढ्या वेळा लोक त्या चार्जच करत नव्हते. कंपनीकडून गाडी आणि पेट्रोलचं कार्डही मिळालेला माणूस घरी स्वतःच्या बिलावर कशाला चार्ज करेल? ज्याच्या खिशातून वीज जाते त्याच्याच खिशातून पेट्रोलही जात असेल, तरच या गाडीची जादू चालते.

थंडीबद्दल दोन शब्द, कारण इथे डिसेंबर ते मार्च हा वर्षाचा तिसरा हिस्सा आहे. थंडीत बॅटरी कमी चालते आणि हीटरही तिच्यातूनच वीज घेतो. रॅव्ह फोरमध्ये हीट पंप आहे, त्यामुळे ती बऱ्यापैकी तग धरते. क्रायस्लरची पॅसिफिका ही मोठी कुटुंबाची प्लग-इन गाडी मात्र आत ऊब हवी असली की इंजिनच सुरू करते. शून्याखाली दहा तापमान असताना 'रोज विजेवर' हे गणित कोलमडतं. हे विक्रेता सांगत नाही, म्हणून जानेवारीत चालवून बघा.

'दोन इंधनं असलेली बरी, अडीअडचणीला' असंही एक मत ऐकू येतं. इथल्या लोकांना २०१२ चं सँडी वादळ आठवतं. तेव्हा पंपांपुढे रांगा लागल्या आणि बारा काउंट्यांत नंबर प्लेटच्या सम-विषम आकड्याप्रमाणे एकाआड एक दिवस पेट्रोल देत होते. पण ते का, तर वीज गेल्यामुळे पंपच बंद पडले होते. घरचा प्लगही मेलेलाच होता. अशा वेळी एका टाकीत साडेपाचशे मैल जाणारी कुठलीही हायब्रिड तेवढीच उपयोगी.

पैशांपलीकडचं एक कारण मात्र मला खरं वाटतं. शाळा सुटायच्या वेळी गाड्यांची जी लांब रांग लागते, त्या रांगेत प्लग-इन हळूहळू पुढे सरकते तेव्हा तिच्या मागून धूर येत नाही. साध्या हायब्रिडचं इंजिन मधेमधे सुरू होतंच. मुलं मोठ्यांपेक्षा धुराड्यांच्या जवळच्या उंचीवर श्वास घेतात. ज्यांना परवडतं त्यांनी निव्वळ एवढ्यासाठी प्लग-इन घेतली, तर मी त्यांना हिशोब दाखवायला जाणार नाही. आम्हाला दहा हजार डॉलर जास्त परवडत नव्हते.

आता तुमच्याकडचं. तीच रीत लिटरमध्ये बसवली की पंधराऐवजी चार येतात. महाराष्ट्रात पेट्रोल शंभरीच्या पुढे आहे, त्याला चारने भागलं की २५ रुपयांच्या वर. घरगुती विजेच्या सगळ्यात वरच्या स्लॅबचा दर धरला तरी तो याच्या आतच बसतो. म्हणजे ज्या न्यू जर्सीत प्लग-इन गाड्या मुबलक मिळतात, तिथे प्लग लावून काही वाचत नाही, आणि ज्या महाराष्ट्रात भरपूर वाचेल, तिथे बेताच्या किमतीत एकही प्लग-इन विकायला नाही! ज्या मिळतात त्या बीएमडब्ल्यूच्या दर्जाच्या. मधल्या वर्गासमोर इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड विटारा, होंडा सिटी अशा स्ट्राँग हायब्रिड (म्हणजे वर सांगितलेल्या साध्या हायब्रिडसारख्याच) आहेत, आणि पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत ग्रँड विटाराने लिटरला २७.९७ किलोमीटर दिले आहेत. सप्टेंबर २०२५ च्या नव्या जीएसटी दरांनुसार या मोठ्या हायब्रिडवर ४० टक्के कर आहे, इलेक्ट्रिकवर ५ टक्के. या दोन टोकांच्या मध्ये प्लग-इनला स्वतःची जागा सरकारने ठेवलेलीच नाही. रोज पन्नासेक किलोमीटर फिरणारा आणि महिन्यातून एकदा गावाला जाणारा माणूस आपल्याकडे लाखांनी आहे, आणि ही गाडी नेमकी त्याच्यासाठी आहे. ती तिथे परवडणाऱ्या किमतीत यावी असं मला फार वाटतं.

तोवर निवड हायब्रिड आणि इलेक्ट्रिक यांच्यात आहे, आणि तिथेही रात्रीच्या प्लगचा प्रश्न पहिला. पुण्याच्या धाकट्या दिराने फोनवर विचारलं, तेव्हा मी त्याला आधी पार्किंगबद्दलच विचारलं. घरात एक पेट्रोल गाडी आहेच, रोजचं जाणं-येणं शहरातल्या शहरात, म्हणून दुसरी इलेक्ट्रिक घे म्हटलं, पण सोसायटी चार्जिंगचा पॉइंट देत असेल तर. नसेल देत तर सरळ स्ट्राँग हायब्रिड. तो सध्या मीटररूमपासून त्याच्या पार्किंगपर्यंत वायर ओढायला किती खर्च येईल, याचं कोटेशन मागवतोय.