वहीतली दहा वर्षे

आमच्या घराण्यात वारी आजोबांपासून चालत आली आहे आणि ती कधी खंडली नाही, असे आत्या नेहमी सांगत. वडील गेल्यानंतरच्या आषाढीला मी त्यांच्या दिंडीतून, ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून निघालो, तेव्हा माझाही तोच समज होता. पुण्यापर्यंतची वाट गर्दीत सरली. दिवे घाट चढून सासवडच्या मुक्कामाला पोहोचल्यावर दिंडीतले सर्वांत जुने वारकरी, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "तुझे वडील आणि मी मुंबईला एका खोलीत राहिलो आहोत, हे तुला ठाऊक आहे का?" वडील गिरणीत होते एवढेच मला ठाऊक होते, कारण त्या दिवसांविषयी ते घरी कधी बोलले नाहीत.

पुढे जेजुरी, वाल्हे करत नीरा ओलांडेपर्यंत नाना चालता चालता सांगत राहिले. आमचे गाव माण तालुक्यातले, पाऊस कायम कमी. 1972 च्या दुष्काळात विहिरी आटल्या, गुरे विकावी लागली, आजोबा आणि आजी दुष्काळी कामावर खडी फोडू लागली, रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळे आणि कामावरच्या मुलांना सुकडी. त्याच वर्षी वडील मुंबईला गेले आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या खात्यात, बदली कामगार म्हणून लागले. बदलीवाल्याला पाळीच्या वेळी फाटकावर उभे राहावे लागे. कायम कामगार गैरहजर असला तर काम मिळे, नाहीतर रिकाम्या हाताने परतावे लागे. हजेरी मोडली तर कायम होण्याची आशा लांबणीवर पडे. अशा माणसाने वारीसाठी इतके दिवस रजा कुठून काढावी? आषाढी एकादशीला ते वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात दर्शनाला जात आणि रात्री गावकीच्या खोलीत भजनाला बसत. पाळ्या निरनिराळ्या असल्यामुळे त्या खोलीत एकाच वळकटीवर दोघे आळीपाळीने झोपत, आणि वडिलांच्या वळकटीचे दुसरे धनी नाना होते.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार कामाबाहेर राहिले. पगार थांबल्यावर ज्यांना गाव होते त्यांतले पुष्कळजण गावी परतले; त्यांत वडीलही होते. त्या वर्षी पालखी फलटणला आली तेव्हा ते टेरिकॉटचा सदरा आणि पँट अशा मुंबईच्या वेषातच दिंडीत येऊन उभे राहिले. कोणी काही विचारले नाही, विणेकऱ्यांनी त्यांच्या हाती टाळ दिले. तंबूचा दोर तुटला की वडील तो साच्यावरच्या धाग्यासारखा गाठ मारून जोडत. ती गाठ दिंडीतल्या पोरांना त्यांनीच शिकवली, आणि बरडच्या मुक्कामात एका मुलाने मला ती मारून दाखवली तेव्हा मला रडू आवरले नाही.

पंढरपुरात दर्शन झाल्यावर आमच्या कुळाच्या उपाध्यायांकडे गेलो. गाव आणि आडनाव सांगताच त्यांनी कापडात बांधलेली लांबोळी वही काढली. तीत आजोबांचा अंगठा शेवटचा 1971 चा होता, आणि त्याखाली लगेच वडिलांची सही, 1982 ची. मधली वर्षे वहीत नव्हती.

आत्या खोटे सांगत होत्या असे मी म्हणणार नाही. वडाळ्याची वाटही त्या वारीतच धरत असाव्यात, आणि भावाच्या कष्टांकडे अशा रीतीने पाहण्यात माया आहे. मला मात्र घराण्याचा इतिहास त्या वर्षांसकट हवा आहे. वारी न चुकल्याचा अभिमान बाळगायचा म्हणून, वडिलांनी फाटकावर उभे राहून ज्या काळात आमच्या घरी मनीऑर्डरी धाडल्या, तोच काळ कुळाच्या हकिकतीतून वगळावा, हे मला पटत नाही. उपाध्यायांनी नवी नोंद काय घालू असे विचारले, तेव्हा माझ्या नावाआधी वडिलांच्या नावापुढे "1972 ते 1982, मुंबई, साचेखाते" असे लिहावयास मी सांगितले, आणि त्यांनी ते लिहिले. गावी परतल्यावर आत्यांना हे सारे सांगितले. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या, मग आत जाऊन वडिलांनी परळहून आजोबांना पाठवलेली पत्रे घेऊन आल्या.