अंदमान हर्पिंग (पाली-साप-बेडूक शोधत फिरणं) : तिसऱ्या फेरीची नोंद

आधीच्या दोन फेऱ्यांत अंदमानी दिवसपाल (दिवसा वावरणारी हिरवी पाल) दिसली होती, पण फोटो सगळे लांबचे. या खेपेला चिडियाटापूला टपरीमागच्या सुपारीवर एक नर हाताच्या अंतरावर बसला होता. कोवळ्या केळीच्या पानासारखा हिरवा, पाठीवर शेंदरी ठिपके, शेपटीला निळी झाक. या पालीला पापण्या नसतात; त्याने जिभेने डोळा पुसला आणि पुन्हा गप्प. वीस मिनिटं मीही हललो नाही. हिचे बाकी सगळे भाऊबंद मादागास्करकडे, हिंदी महासागराच्या पार पश्चिमेला! इतक्या दूर ही एकटीच, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

रात्री पावसात झुडपी भेक (झुडपांवर बसणारा छोटा टोड) मिळाला. जेमतेम अडीच सेंटीमीटरचा, गुडघ्याएवढ्या रोपट्याच्या पानावर बसलेला. 2016 मध्ये याच्यासाठी वेगळा वंशच (जीनस) मांडावा लागला. टॉर्च लगेच बाजूला घेतली, दोनच फोटो काढले.

मोठं काम मात्र घरी परतल्यावर केलं. 'अंदमान-निकोबार' अशी एकच यादी ठेवत होतो, ती मोडली. नकाशात एकाच माळेतले मणी वाटतात, पण मधली दहा अंश खाडी सुमारे 150 किलोमीटर रुंद आणि खोल आहे. उत्तर, मध्य आणि दक्षिण अंदमानमधल्या खाड्या उथळ. हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हा ही बेटं जोडलेली होती. निकोबारशी तसा सांधा जुळला नाही. अंदमानचे डोंगर म्यानमारच्या आराकान रांगेचे, तर निकोबारचं नातं सुमात्राशी. म्हणून जाळीदार अजगर निकोबारात आहे, अंदमानात नाही. चापड्याच्या कुळातले सापही बघा: अंदमानचा वेगळा, कार निकोबारचा वेगळा, मधल्या निकोबार बेटांवरचे आणखी वेगळे. आता प्रत्येक बेटाला स्वतंत्र पान केलंय. निकोबारची पानं कोरीच आहेत. तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही आणि ते योग्यच आहे.

राहिला तो चार्ल्स डार्विनच्या नावाचा बेडूक. झाडाच्या ढोलीत साचलेल्या पाण्यावर, आतल्या भिंतीला उलटं लटकून जोडी अंडी घालते. पिल्लं खाली पाण्यात पडतात. या वेळी सहा ढोल्या तपासल्या, दोन कोरड्या, बाकींत डासांच्या अळ्या. पुढची फेरी जूनच्या शेवटी, पाऊस नीट लागल्यावर. ढोलीत डोकावायला लहान आरसा आणि मंद लाल टॉर्च नेतोय. कुणी ढोलीतले बेडूक न हलवता टिपले असतील तर प्रकाशाचं कसं जमवलं, जरूर सांगा.