अ‍ॅमेझॉन का नाही?

ब्राझीलमधल्या पंतनाल या पाणथळ माळावर मी सहलीचे ग्रुप नेते. लग्नाच्या पंगतीत, दातांच्या डॉक्टरकडे ताटकळताना, रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि पुढच्या हंगामाच्या तारखा टाकल्या की त्याखाली हमखास, मला एकच प्रश्न येतो. ‘ताई, पंतनालला नेताच आहात, तर दोन दिवस अ‍ॅमेझॉन जोडा की.’ जोडा की! जणू महाबळेश्वरला जाता जाता वाईचा गणपती. आजवर मी ‘बजेट फार वाढतं हो’ म्हणून वेळ मारून नेली. बजेट वाढतं हे खरंच आहे. पण कारण ते नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, यापुढे कुणी विचारलं तर हेच पाठवीन.

पंतनालचं काम सोपं आहे, कारण तिथं प्राणी दिसतात. पोकोनेपासून पोर्तो जोफ्रेपर्यंत साधारण 145 किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे, ट्रान्सपंतनेरा. पुलामागून पूल, आणि जवळजवळ प्रत्येक पुलाखाली केमन मगरी आ वासून पडलेल्या. पावसाळ्यात सगळा माळ पाण्याखाली जातो. पाऊस थांबला की पाणी हळूहळू उतरतं, ऑगस्टपर्यंत डबकी उरतात, मासे त्यांत अडकतात आणि मग माशांच्या मागे जबिरू करकोचे, बगळे, मगरी, पाणमांजरं, सगळे हजर. गवत मोकळं, झाडी तुरळक, मधूनच गुरं चरताना. तिथली जवळपास 95 टक्के जमीन खासगी, गुरांच्या मोठमोठ्या मळ्यांची आहे. शिकारीवर ब्राझीलमध्ये 1967 पासून बंदी आहे. पोर्तो जोफ्रेच्या आसपासचे जॅग्वार तर होड्यांना इतके सरावलेत, की तुमच्या डोळ्यांदेखत पाण्यात उडी घेतात आणि मगर ओढून काठावर आणतात. अनेकदा चावा थेट कवटीत. यात माझं कौशल्य शून्य. शोधणारा नावाडी, एकमेकांना रेडिओवर कळवणारे नावाडी. मी फक्त ‘उभं राहू नका’ म्हणून ओरडते.

‘मग हे ताडोबाच झालं की!’ झालंच. कोण नाकारतंय? एका जॅग्वारसमोर होड्यांची दाटी होते, इंजिनांचा धूर नाकात जातो, मागच्या होडीतला माणूस पुढच्याला लेन्स खाली घ्यायला सांगतो. 2024 च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात वाघीण आणि तिचे बछडे जिप्सींनी कोंडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा मला फोन आले, ‘तुमच्याकडे असं होत नाही ना?’ होतं. फक्त जॅग्वारला मागे सरकायला सबंध रान असतं, दोन पावलांत तो दिसेनासा होतो. आणि दुसरी बाजूही ऐका. 2017 साली पोर्तो जोफ्रेच्या भागाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जॅग्वार बघायला येणाऱ्यांकडून वर्षाला सुमारे 68 लाख डॉलर येतात, आणि जॅग्वारनं गुरं मारल्यामुळे होऊ शकणारं नुकसान धरलं तर सव्वा लाखाच्या आत. हा हिशेब मळेवाल्यालाही कळतो. म्हणून मी पंतनाल विकते आणि मला त्याची लाज वाटत नाही. फारशी.

आता अ‍ॅमेझॉन. मनाउस या तिथल्या शहरातून होडी निघाली की काळी रिओ नेग्रो आणि मातकट सोलिमोंइस या दोन नद्या कितीतरी अंतर एकमेकींत न मिसळता शेजारून वाहतात. सगळे फोटो काढतात, सगळे खूश. पुढे जंगल सुरू होतं. तिथला सगळा कारभार तीस-चाळीस मीटर वर: ऊन वर, फळं वर, माकडं वर, टूकान वर. खाली आपण. अंधारं, दमट, शर्ट पाठीला चिकटलेला. स्क्रीमिंग पिहा नावाचा एक राखाडी पक्षी सकाळभर कानठळ्या बसतील अशी शीळ घालतो आणि कुणाला म्हणजे कुणाला दिसत नाही. वाटाड्या पानं कापून नेणाऱ्या मुंग्यांची रांग दाखवतो. मला ती रांग तासभर बघवते. पण तुम्ही दोन दिवस आणि दोन विमानं खर्चून मुंग्या बघायला आलेला नसता, हेही मला समजतं.

एका ग्रुपबरोबर तिथं गेले होते. बँकेतून निवृत्त झालेले काका, काकू, त्यांचा दहा वर्षांचा नातू, एक डॉक्टर जोडपं, आणखी काही मंडळी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवताना ‘पैसे वसूल’ हा शब्द तीन तोंडांतून आला. तिसऱ्या दिवशी सकाळी आमचा स्थानिक माणूस नावाड्याशी काहीतरी पुटपुटला आणि होडी एका तरंगत्या घराकडे वळली. ओंडक्यांवर बांधलेलं घर, पत्र्याचं छप्पर, दारात कुत्रं. एक पोरगा लहानसा अ‍ॅनाकोंडा गळ्यात घालून उभा. एका बादलीत केमनचं पिल्लू, तोंडाला रबर. आणि आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, काखेत स्लॉथ.

मी नको म्हणेपर्यंत तो काकूंच्या हातात गेलासुद्धा. स्लॉथ जन्मभर उलटा लटकतो, म्हणून त्याच्या केसांचा भांग पोटावर असतो आणि केस पाठीकडे उतरतात. पावसाचं पाणी निथळावं म्हणून. रानातल्या स्लॉथच्या अंगावर हिरवट शेवाळ असतं. याचे केस कोरडे, तपकिरी, एका बाजूला घासून गेलेले. चेहऱ्याची ठेवणच अशी, की तो कायम हसतोय असं वाटतं. ‘बघा, कसा हसतोय!’ काकू म्हणाल्या. जो बोलेल त्याच्याकडे तो सावकाश मान वळवत होता. तीन दिवसांत काकूंचा चेहरा पहिल्यांदा फुलला होता, आणि काकांनी एका हातात मोबाइल धरून दुसऱ्यानं डोळे पुसले, हेही मी पाहिलं.

मी म्हणाले, ‘काकू, परत द्या. असा प्राणी पाळणं इथं गुन्हा आहे, 1998 चा कायदा आहे.’

‘अगं, पाच मिनिटं.’

‘तुमची पाच मिनिटं, काकू. तुमच्यानंतर दुसरी होडी, मग तिसरी.’

काका मोबाइल खाली न घेता म्हणाले, ‘आणि ही पोरगी जगते कशावर? तुमच्या तत्त्वांवर?’

मुलीची आई पत्र्याचा डबा घेऊन आली. काकांनी वीस रिआल टाकले, डॉक्टरांनीही टाकले. मग स्लॉथ परत द्यायची वेळ आली. त्याच्या नख्या काकूंच्या कुर्त्यात अडकल्या होत्या, हातापायांना तीन तीन, बोटाएवढ्या लांब. मुलीनं सरावलेल्या हातानं एकेक नखी उचलायला सुरुवात केली. एक सोडवली की दुसरा हात पुन्हा कापड पकडायचा. ती ओरडली नाही, चिडलीही नाही, शाळेचा गृहपाठ उरकावा तसा चेहरा. शेवटी तिनं त्याला दुसऱ्या काखेत मारलं आणि मोकळ्या हातानं पायाला चावलेला डास खाजवला. पाठीमागे पुढची होडी लागलीच होती.

आमच्या होडीत नातवानं विचारलं, ‘आता तो झाडावर जाणार ना?’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘नाही.’ काकू साओ पाउलोपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. त्याआधी मात्र एक वाक्य बोलून गेल्या: ‘ताई, तीन दिवस तुम्ही नुसते आवाज ऐकवलेत. काहीतरी हाताला लागलं, तर तेही तुम्हाला सोसलं नाही.’

त्याला उत्तर मला आजही नीट देता येत नाही. मनाउसच्या आसपास हा धंदा चालतो, त्यावर अहवाल निघालेत, हे सगळं मी सांगू शकते. पण त्या म्हणाल्या त्यात खोटं काय होतं? जंगल दाखवायचं वचन दिलेलं मीच, आणि जंगल स्वतःला दाखवत नाही. जिथं गिऱ्हाइकाला काहीतरी दिसायलाच हवं आणि रान दाखवायला तयार नाही, तिथं कुणीतरी ते काखेत घेऊन उभं राहणारच.

पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, लोकांना आधी शिकवा. तेव्हा मी निघण्यापूर्वी स्लाइड दाखवायचे, वनाचे थर, पूर, मुंग्या, सगळं. त्या जुन्या मुलीशी, म्हणजे पूर्वीच्या माझ्याशी, माझं अजून भांडण चालतं. ती म्हणते, दहा माणसं कंटाळली म्हणून तू मार्गच सोडलास, हा पळपुटेपणा आहे. चांगली ठिकाणं आहेत, तिथं तुझ्यासारख्यांनीच ग्रुप न्यायला हवेत. तेफेजवळच्या मामिराउआत गावकऱ्यांच्या सहभागानं चालणारं तरंगतं निवासस्थान आहे. आल्ता फ्लोरेस्ताजवळ क्रिस्टालिनोला 50 मीटर उंचीचे मनोरे आहेत. वर चढून बसलं तर ज्या थरात प्राणी राहतात त्याच थरात आपण असतो. तिचं बरोबर आहे. मी तिला म्हणते, त्या मनोऱ्यावर पहाटे पाचला चढून चार तास गप्प बसणारी दहा माणसं आण, मी उद्या तिकिटं काढते. यावर तिचा आवाज बंद होतो, पण पटलेलं नसतं. मलाही नाही.

कारण आणखी एक गोष्ट मला टोचते. अ‍ॅमेझॉनच्या झाडांनी सोडलेली वाफ वाऱ्याबरोबर दक्षिणेकडे जाते आणि पंतनालच्या पावसात भर घालते. 2020 च्या दुष्काळात पंतनालचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग जळाला. त्या आगींत 1 कोटी 70 लाखांच्या आसपास पृष्ठवंशी प्राणी मेले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे मी जो जॅग्वार विकते तो काही अंशी, मी जे जंगल विकत नाही त्याच्या जिवावर पाणी पितो. न दिसणाऱ्या जंगलाला कुणी तिकीट काढत नाही, आणि न काढणाऱ्यांत पहिली मी. यावर ‘अगं पण तू काय करणार’ असं कृपा करून कुणी लिहू नका. काय करायचं ते मला ठाऊक आहे, मी ते करत नाहीये, आणि का करत नाहीये ते वर लिहिलंय.

तेव्हा सध्या तरी अ‍ॅमेझॉन नाही. पंतनालच्या ऑगस्टच्या तारखा लावल्या आहेत. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. परत येताना मुंबईला ते मागतात आणि नसलं तर घरी सोडत नाहीत.