लाराबंगाची मशीद आणि आमचं माळवद

माझं पोट काँक्रीटवर भरतं. घानाच्या राजधानीत, अक्रात इमारती उभ्या करायच्या, काँक्रीटची ताकद मोजणाऱ्या क्यूब टेस्टचे आकडे बघायचे, ओल आली की ठेकेदाराच्या नावाने शंख करायचा. त्यामुळे एका मशिदीचं सिमेंट प्लास्टर खरवडून तिथे परत माती थापली आणि जाणकारांनी त्याचं कौतुक केलं, हे कळलं तेव्हा सरळ रागच आला.

ही मशीद उत्तर घानातल्या लाराबंगा गावात आहे. मोले राष्ट्रीय उद्यानात हत्ती बघायला निघालेली बहुतेक मंडळी इथे थांबतात, तसे डिसेंबरच्या सुट्टीत आम्हीही थांबलो. गाडीचं दार उघडायच्या आत चार-पाच गाइड पोरं हजर. वहीत नाव लिहा, देणगी लिहा. वरच्या ओळीत कुणा गोऱ्या पाहुण्याने टाकलेला घसघशीत आकडा बोटाने दाखवतात. हे तंत्र मला नवं नाही, त्यामुळे आपल्याला जमेल तेवढेच दिले. आत फक्त मुसलमानांनाच प्रवेश. बायको कुरकुरली, मला काही वाटलं नाही. गाभाऱ्याचे नियम आपल्याकडे काय कमी आहेत?

मशीद अगदीच लहान, आठ मीटर बाय आठ मीटरच्या आसपास. पांढरा रंग, खाली जाड आणि वर निमुळते होत गेलेले मातीचे फुगीर टेकू, दोन मनोरे आणि भिंतीतून बाहेर डोकावणारी लाकडांची टोकं. गावातले लोक तिचं साल 1421 सांगतात. शेजारी गोरखचिंचेचं अवाढव्य झाड. मी मात्र त्या लाकडांकडेच बघत राहिलो. ती भिंतीला आतून बांधून धरतात आणि दरवेळी गिलावा करायला गवंडी त्यांच्यावरच पाय देऊन वर चढतात. परांची कायमची भिंतीतच! साइटवर परांचीच्या भाड्यावरून मी किती भांडणं केली आहेत, ते माझं मलाच ठाऊक.

आता सिमेंटचं. 1970 च्या दशकात कुणीतरी चांगल्याच हेतूने या मशिदीला सिमेंटचा गिलावा दिला. दरवर्षीची कटकट गेली, असंच वाटलं असणार. मीही तोच सल्ला दिला असता. पण मातीची भिंत पावसात ओल घेते आणि उन्हात सोडून देते. सिमेंटचा थर कडक, माती मऊ, उन्हातान्हात दोघींचं फुगणं-आकसणं वेगळं. थराला बारीक चिरा पडतात, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही. वरून भिंत टणटणीत दिसते, आतल्या मातीचा मात्र चिखल होत राहतो. त्यात लाकडाला वाळवी. 2002 मध्ये वादळी पावसात एक मनोराच कोसळला. मग वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या मदतीने सिमेंट उतरवलं, कुजलेली लाकडं बदलली आणि स्थानिक कारागिरांच्या हातून पुन्हा मातीचा गिलावा झाला. एवढं कळल्यावर रागाला जागा उरली नाही. चूक सिमेंटची नाही बरं का, ते कशावर लावलं त्याची आहे!

या भागात मातीच्या भिंतींवर दावादावा नावाच्या झाडाच्या शेंगांची टरफलं उकळून काढलेलं लालसर पाणी फिरवतात, त्याने पाणी अडतं. मातीत गुरांचं शेणही घालतात. शेणाचं ऐकून आमच्या अक्रावाल्या ड्रायव्हरने नाक मुरडलं. मी लातूरकडच्या औशाचा, मला कोण सांगणार शेणाचं!

मालीतली जेनेची मशीद याच घराण्यातली, पण प्रचंड. आजची इमारत 1907 ची. तिकडची अशांत परिस्थिती बघता जाणं होईलसं वाटत नाही. तिथे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अख्खं गाव गिलाव्याला उतरतं. कोंडा घालून कुजवलेली माती घेऊन पोरं टोपल्यांसकट धावतात, बायका पाणी आणतात आणि शेवटचा हात गवंडी फिरवतात. गवंड्यांची तिथे पिढीजात संघटना आहे. तरीही 2009 च्या नोव्हेंबरात एका जोराच्या पावसात मनोऱ्याचा वरचा भाग ढासळलाच. वर्षानुवर्षं थरावर थर चढून भिंतींवरचं ओझंही वाढलं होतं, ते नंतर दुरुस्तीत कमी करावं लागलं. म्हणजे नुसती भक्ती पुरत नाही, हिशेबही लागतो.

आणि कुणी मला मातीच्या घरांचे गोडवे ऐकवू नयेत. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाची पहाट आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, माणसं दमून झोपलेली. किल्लारीत दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि माळवदांची, म्हणजे सपाट धाब्यांची टनावारी माती अंगावर आली. हजारो माणसं गेली. आमचं घर उभं राहिलं, पण पुढच्या उन्हाळ्यात वडिलांनी माळवद उतरवून स्लॅब टाकला, आणि टाकायलाच हवा होता. लाराबंगाच्या भिंतीला पावसाशी झगडायचं असतं, आमच्या भिंतीला जमिनीशीही. ही तुलना जरा माझ्या बाजूला झुकते, झुकू दे.

फोटो वडिलांना पाठवले. त्यांचा पहिला प्रश्न, "पाऊस किती तिथं?" म्हटलं, हजार मिलिमीटर तरी असेल, आपल्यापेक्षा जास्तच. "मग दरसाल माती कोण टाकतंय?" गावातलीच माणसं, मी सांगितलं. "पोरं असतील गावात." मी त्यांच्या नातीला फोन दिला.